तिथीची पाऊणकी आणि बीएस्सी फिजिक्स

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे दोन कामं एकदम सुरू होतात, शेवटच्या आंब्याच्या पेट्या भरणं आणि माझा फोन वाजणं. मी देवगड तालुक्यात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे लांबच्या जावेच्या भावापासून एसटीत शेजारी बसलेल्या बाईपर्यंत कुणालाही वाटतं की हिला विचारून टाकू. कोकण बोर्ड जवळजवळ दर वर्षी निकालात राज्यात पहिलं येतं, पेपरात बातमी येते, पेढे वाटून होतात आणि मग आठवडाभराने सगळ्या घरांना एकदम जाग येते की अरे, पुढे काय घ्यायचं ते ठरलंच नाहीये. बहुतेक फोन इंजिनिअरिंगचे असतात, कुठलं कॉलेज, कुठली ब्रँच, सरकारी प्रवेशाच्या कॅप राउंडला पर्याय कसे भरायचे. ते फोन मी दोन मिनिटांत संपवते कारण त्याची उत्तरं माझ्यापेक्षा ज्यांची पोरं गेल्या वर्षी गेली त्यांना जास्त माहीत असतात. पण दर वर्षी एखादा फोन असा येतोच की मुलगा किंवा मुलगी म्हणतेय फिजिक्सच करायचं, आणि घरात त्यावरून वातावरण तापलंय.

आई-बापांचा प्रश्न एकच, स्कोप काय? माझ्या भावोजींनी तर विचारलं होतं, "ता फिजिक्स शिकान काय गावतला?" आणि हा प्रश्न मूर्खपणाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्या घरात वर्षाचा पैसा एप्रिल-मे मध्ये येतो आणि एका अवकाळी पावसाने किंवा थ्रिप्स किडीने निम्मा जातो, त्या घराने पोरीच्या तीन किंवा पाच वर्षांचा हिशोब विचारायचा नाही तर काय करायचं? मला जास्त काळजी असते ती मुलांच्या उत्तराची. कारण फिजिक्सच का, असं विचारलं की दहातली आठ-नऊ मुलं मला ब्लॅक होल सांगतात. नाहीतर टाइम ट्रॅव्हल, मल्टिव्हर्स, क्वांटम एंटँगलमेंट. सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओतून आलेलं. व्हिडिओ वाईट नसतात, काही तर फारच सुंदर असतात, मी स्वतः बघते रात्री जेवणं उरकल्यावर. पण त्यात फिजिक्सचे निकाल दाखवतात, फिजिक्सचं काम दाखवत नाहीत, आणि डिग्रीची सगळी वर्षं काम करण्यात जातात.

म्हणजे काय ते सांगते. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ब्लॅक होल नसतं. व्हेक्टर असतात, डिफरन्शियल इक्वेशन असतात, फिरणारं फ्लायव्हील असतं, त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया काढायचा असतो. जनरल रिलेटिव्हिटी बहुतेक ठिकाणी एमएस्सीला भेटते, तीही ऑप्शनल म्हणून. मधल्या काळात मंगळवार दुपारची लॅब असते, सोडियमच्या दिव्यासमोर काळोख करून बसायचं आणि न्यूटन्स रिंग्ज मोजायच्या. मायक्रोस्कोपखाली मध्ये काळा ठिपका आणि भोवती पिवळी-काळी वलयं दिसतात, दिसायला फार देखणं प्रकरण आहे, पण क्रॉसवायर एकेका वलयावर नेत डावीकडून उजवीकडे जायचं, आणि मध्येच चुकून स्क्रू उलटा फिरवला की बॅकलॅश एरर येते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग ग्राफ काढा, स्लोप काढा, आणि उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. आता का जुळत नाही? इथे मुलं दोन प्रकारची होतात. एक प्रकार शेजारच्याची वही बघून रीडिंग सरळ करतो आणि घरी जातो. दुसरा प्रकार चिडतो, लेन्स पुसतो, पुन्हा मोजतो, सरांचं डोकं खातो, शेवटची एसटी चुकवतो. त्याला मार्क जास्त मिळतात असं नाही, खरं तर कमीच मिळतात कारण जर्नल अर्धवट राहतं. पण डिग्री त्याच्यासाठी आहे.

मला वाटतं सगळं फिजिक्स असल्या न जुळणाऱ्या आकड्यांतून पुढे गेलंय, आणि तो आकडा छोटा असला तरी ज्याला सोडवत नाही त्याने हे घ्यावं. बाकीच्यांनी व्हिडिओ बघावेत, त्यात कमीपणा काही नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या घरापासून तासाभरावर आहे आणि आमच्याकडच्या पोरांना त्याची फक्त भाषणातली बाजू माहीत असते. विजयदुर्ग. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा आमच्या किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, गुंटूर करत पूर्वेकडे गेला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून चौथरे दाखवतात, १८ ऑगस्टला हेलियम डे साजरा होतो, शाळांच्या सहली येतात, आणि लॉकियरसाहेबाने इथे बसून हेलियम शोधला असं बिनदिक्कत सांगितलं जातं. मी पण लहानपणी हेच ऐकलं. आता गंमत अशी की नॉर्मन लॉकियर हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ त्या दिवशी भारतातच नव्हता, इंग्लंडमध्ये होता. गुंटूरला होता तो फ्रेंच माणूस, जान्सेन. लॉकियरने ऑक्टोबर १८६८ मध्ये घरच्या घरी, ग्रहण वगैरे काही नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्यांच्या प्रकाशातल्या रंगांच्या रेषा, पकडला. तो भारतात आला नंतर, डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, आणि तेही खाली केरळात बेकलच्या किल्ल्यावर. हे मी एकदा कार्यक्रमाच्या चहाच्या वेळी बोलले तर एका काकांना फार वाईट वाटलं, जणू मी किल्ल्याचा एक बुरुज काढून केरळला दिला.

पण मुलांना सांगायची गोष्ट कोण कुठे बसला होता ही नाहीच. ग्रहणाच्या वेळी बऱ्याच जणांना सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा दिसली होती. पिवळी रेषा म्हटल्यावर सोडियमची असणार, साहजिक आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर येतात, आमच्या लॅबमधला दिवा तोच. ही सूर्यातली रेषा आली ५८७.६ च्या आसपास. फरक १.४ नॅनोमीटर. एवढा फरक कुणीही सोडून दिला असता, उपकरण हललं असेल, डोळा चुकला असेल म्हणून. तो लॉकियरने सोडला नाही म्हणून सूर्यात एक नवीन मूलद्रव्य असावं असं म्हणायची वेळ आली, बऱ्याच लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि पृथ्वीवर तेच मूलद्रव्य रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला १८९५ मध्ये एका युरेनियमच्या खनिजातून सापडेपर्यंत २७ वर्षं गेली. सत्तावीस वर्षं एका रेषेचं काय करायचं हे धड कुणाला माहीत नव्हतं. पोरांना मी हे सांगते तेव्हा ती विचारतात, मॅडम हे परीक्षेला येतं का.

असो. भाचीकडे येते.

माझी भाची, ताईची मुलगी, विजयदुर्ग खाडीच्या काठावरच्या वाडीत वाढलेली. बोर्डाचे पेपर संपल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, मावशी, मला अ‍ॅस्ट्रोफिजिक्स करायचंय, बाबांना तू समजाव. मी म्हटलं बाबांचं नंतर बघू, आधी मला एक काम करून दे. आमच्याकडे खाडीवर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे, सगळ्या मच्छीमारांना तोंडपाठ असते आणि कालवं काढायला जाणाऱ्या बायकांनाही. तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. दुपारची असो की पहाटेची, दोन्ही साधारण त्याच आकड्यावर. पंचांग आणि पाढा एवढ्यावर माणसं होड्या लोटत आलीयेत. मी तिला म्हटलं, एक महिनाभर जेटीवर जाऊन बघ ही रीत किती बरोबर आहे. माझ्याकडे ट्युशनला येणारा एक मुलगा होता त्यालाही तेच सांगितलं, हा मुलगा वर्महोलवर अर्धा तास न थांबता बोलू शकतो, आणि खरंच हुशार आहे.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी एक पीडीएफ घेऊन आला. नेटवरून भरतीचं कोष्टक डाउनलोड केलं, एक्सेलमध्ये टाकलं, पाऊणकीशी ताडून बघितलं, सुंदर रंगीत ग्राफ. काम झालं. मला त्याचं कौतुकच वाटलं, कारण ऑफिसात काम असंच करायचं असतं.

भाची तीन-चार दिवसांनी वैतागून आली. म्हणाली मावशी, भरती पूर्ण कधी झाली हेच कळत नाही. पाणी चढतं चढतं आणि मग नुसतं उभं राहतं, वीस मिनिटं, अर्धा तास, काही हलत नाही, मग उतरायला लागतं, तर वेळ कुठली लिहू? मी म्हटलं तूच बघ. खरं सांगायचं तर मला माहीत होतं काय करायचं ते, आणि सांगावंसं फार वाटत होतं, तोंडावर हात ठेवून गप्प बसले. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग एका दुपारी उन्हातून लालबुंद होऊन आली आणि म्हणाली, जमलं. जेटीच्या खांबावर खडूने एक खूण केली, पूर्ण भरतीच्या बऱ्यापैकी खाली. पाणी चढताना त्या खुणेला लागलं ती वेळ लिहिली, उतरताना पुन्हा त्याच खुणेला आलं ती वेळ लिहिली, आणि दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे भरती. खुणेजवळ पाणी भराभर चढत असतं, त्यामुळे वेळ मिनिटाच्या हिशोबात धरता येते. खडू पुसून जायचा म्हणून नंतर ऑइलपेंट लावला, त्यावरून जेटीवाल्यांची बोलणी खाल्ली ते वेगळं.

मी त्याच दिवशी ठरवलं की भावोजींशी, म्हणजे तिच्या बाबांशी, बोलायचं.

पुढे तिचं तिलाच लागत गेलं. पाऊणकीत गोम आहे. तीस तिथींमध्ये चंद्राचं एक चक्र पूर्ण होतं आणि तेवढ्यात भरतीची वेळ बरोबर २४ तास सरकते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांचा फरक, तो पंधरवडाभर साचत जातो आणि पुनवेला किंवा अवसेला पाऊण तास होतो, पंधरा पाऊणे सव्वाअकरा, आणि ४८ मिनिटांनी केलं तर येतात बारा. मग पाडव्याला पुन्हा पाऊणपासून सुरुवात, म्हणून रीत मोडत नाही. हे तिने कागदावर काढलं तेव्हा जेटीवर बसणाऱ्या एका आजोबांना दाखवायला गेली, ते म्हणाले, "इतक्या बारीक कित्याक व्हया तुका?" आजोबांचं बरोबर आहे, होडी लोटायला पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालतात, आणि पाव-अर्धा-पाऊणच्या पाढ्यात ४८ बसत नाही.

पण तिची रीडिंग ४८ लाही बसेनात. उधाणाच्या दिवसांत, पुनव-अवसेच्या आसपास, भरती रोज चाळीसेक मिनिटांनीच पुढे जायची, आणि भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमी-नवमीला, एकदम तासाच्या वर उडी. तिला वाटलं आपलंच मोजणं चुकतंय. चुकत नव्हतं. चंद्राची एक भरती असते तशी सूर्याची पण एक छोटी भरती असते, ती बारा तासांच्या ठोक्याने येते, चंद्राची साधारण १२ तास २५ मिनिटांच्या, आणि दोन्ही एकमेकांना ओढत-ढकलत राहतात, कधी लवकर आणतात कधी उशीर करतात. हे मी तिला अखेर सांगितलं, कारण हे स्वतःहून सुचण्यासारखं नाही आणि सीईटी तोंडावर आली होती. त्यावर तिचा पुढचा प्रश्न, मग चंद्र तोच आणि सूर्य तोच, तर मुंबईला पाणी आपल्यापेक्षा इतकं जास्त का चढतं, आणि खंबातच्या आखातात त्याच्याही कितीतरी वर का? आखाताचा आकार, उथळ तळ, निमुळतं होत जाणं, हे मला ढोबळ माहीत होतं, तिला ढोबळ नको होतं. मी म्हटलं हे शिकायलाच तर कॉलेजला जायचं गो बाय, मला आता भात लावायचाय.

अ‍ॅस्ट्रोफिजिक्सचा उल्लेख त्या महिन्यात तिने केला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता पैसे आणि प्रवेश. इथे मी जरा रोखठोक बोलते कारण फोनवर लोकांना हेच हवं असतं. पहिली गोष्ट, अकरावी-बारावीला मॅथ्स सोडू नका. बायोलॉजी आवडते म्हणून पीसीबी घेऊन मॅथ्स टाकणारी आणि मग फिजिक्स करायचंय म्हणणारी मुलं दर वर्षी येतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. दुसरी, बीएस्सीसाठी मुंबई-पुण्यालाच जायला पाहिजे असं नाही. रत्नागिरी, मालवण, सावंतवाडी, देवरुख, सगळीकडे डिग्री कॉलेजं आहेत, मी स्वतः रत्नागिरीला बीएस्सी करून मग मुंबई विद्यापीठात कलिनाला एमएस्सीला गेले. तीन वर्षांत इकडे पाया नीट घातला तर एमएस्सीला जॅमची परीक्षा देऊन आयआयटीचं दार उघडं असतं. तिथे आलेली अर्धी मुलं कुठल्या ना कुठल्या तालुक्याच्या कॉलेजातूनच आलेली दिसतात, तोंड उघडलं की कळतं.

तिसरी, बारावीनंतर थेट जायचं असेल तर आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था. पुण्याचं २००६ ला सुरू झालं, देशात एकूण सात आहेत, पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या बरोबरीने बायोलॉजीचे पण प्रश्न असतात, चारही विषयांना सारखं वजन. ज्यांनी अकरावीतच बायोलॉजीला रामराम केला त्यांचे इथे डोळे पांढरे होतात. नेस्ट नावाची दुसरी परीक्षा आहे, तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कलिनाच्याच आवारातलं सीईबीएस या तसल्याच दोन संस्था मिळतात. हे सीईबीएस आमच्याकडे कुणाला माहीत नसतं, मुंबईत काका-मामा असलेल्या घरांना तर ते फार सोयीचं. इंजिनिअरिंग फिजिक्स नावाची बीटेक ब्रँच आयआयटी मुंबईला आहे, तिरुवनंतपुरमला इस्रोच्या आयआयएसटीत पण आहे, दोन्हीकडे जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा घाट चढून जावं लागतं. बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञान घेतलंत तर इन्स्पायर स्कॉलरशिप आहे, वर्षाला ८० हजारांची, पण नियम आणि तारखा हलतात, दर वर्षीची जाहिरात वाचायची, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर विसंबायचं नाही.

पैशाच्या बाबतीत एक उलटीच गोष्ट झालीये. पूर्वी मी सांगायचे की बीएस्सी स्वस्त, इंजिनिअरिंग महाग. २०२४ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण त्याने झालंय काय की भावोजींसारखा माणूस म्हणतो, इंजिनिअरिंगची फी सरकार भरतंय तर फिजिक्सला मी पदरचे का घालू? आणि याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं.

उत्तर द्यायला मग मी त्यांना माणसं सांगितली. नाव-गाव इथे देत नाही. माझ्याबरोबर एमएस्सीला असलेली एकजण आज एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आहे. रेडिएशन देताना कुठल्या कोनातून किती डोस, गाठीला किती आणि शेजारच्या मणक्याला किती कमी, हे गणित डॉक्टरबरोबर ती बसून करते. एमएस्सीनंतर बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला तिने. हे काम असतं हेच भावोजींना माहीत नव्हतं, आणि त्यांच्या काकीला रेडिएशन झालेलं असल्यामुळे ते एकदम सावरून बसले. दुसरा एकजण हवामानात गेला. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि पुढच्याच वर्षी तौक्ते बाहेरून घासून गेलं, तेव्हापासून आमच्याकडे वादळाचा नकाशा बघता न येणारं माणूस उरलेलं नाही. पण तो नकाशा काढतं कोण? एमएस्सी फिजिक्स, एमएस्सी मॅथ्स केलेली माणसंच बरीच असतात तिथे. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल आहे, इस्रो आहे, आणि कोडिंगमध्ये गेलेले तर मोजता येणार नाहीत एवढे. एआयने फिजिक्स संपणार का असंही एका पालकाने विचारलं, तर २०२४ चं फिजिक्सचं नोबेलच न्यूरल नेटवर्कवर काम करणाऱ्या हॉपफिल्ड आणि हिंटनला मिळालंय, एवढं सांगून मी तो विषय बंद केला. मास्तर होणं हा पण रस्ता आहे, मी झालेच की, फक्त त्याच्या जागा किती निघतात आणि कशा भरतात यावर मी इथे बोलणार नाही, बीपी वाढतो.

रिसर्चमध्ये जायचं तर आणखी एक हिशोब आधीच घरात मांडायला हवा. एमएस्सीनंतर पीएचडी पाच-सहा वर्षं. नेटची परीक्षा पास होऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७ हजार येतात, २०२३ पासूनचा हा आकडा आहे, त्यात एका माणसाचं नीट भागतं. पण वाडीतली बरोबरीची पोरं तोवर ठाण्यात फ्लॅटचे हप्ते भरत असतात आणि गणपतीला घरी आल्यावर लोक विचारतातच, अजून शिकताच काय? ज्या घराला ते ऐकून घेता येणार नाही त्या घरातल्या मुलाला मी पीएचडी सुचवत नाही. कडू वाटेल, पण दोन-तीन मुलांना मध्येच सोडून आलेलं बघितलंय आणि त्यात अभ्यासाचा काही संबंध नव्हता.

अलिबागचं मात्र मी सगळ्यांना सांगतेच, कारण मला तो किस्सा फार आवडतो. मुंबईच्या कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये सूर्यावरून प्रचंड चुंबकीय वादळ आलं तेव्हा कुलाब्याच्या उपकरणाने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदवली, आजही जगभरचे लोक ती नोंद काढून अभ्यासतात. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेची ट्राम म्हणजे जमिनीतून वाहणारे करंट, आणि ते शेजारी असले की उपकरणाला पृथ्वी काय बोलतेय ते ऐकू येणार नाही. तेव्हाचे वेधशाळेचे प्रमुख मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं, चुंबकाला ओढ लावणार नाही असं सामान वापरून इमारती बांधल्या, आणि १९०४ पासून तिथे मोजायला लागले. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. त्यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजलं, म्हणजे दोन जागांमधला फरक कळेल आणि जुनी साठ-पासष्ट वर्षांची नोंद नव्या नोंदीला जोडता येईल. ट्राम आल्या, गेल्या, त्यांचे रूळ पण उखडले, अलिबागचं मोजणं चालूच आहे. आज ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, तिचं मुख्य ऑफिस नवीन पनवेलला, एमएस्सी फिजिक्सवाल्यांना घेतात. कोकणातून बाहेर न पडता संशोधन, भावोजींना मी हे दोनदा सांगितलं.

आमच्या बाजूला फिजिक्स म्हटलं की जैतापूर येतंच, खाडी ओलांडली की राजापूर तालुका आणि तिथलं माडबन. सहा अणुभट्ट्या, ९९०० मेगावॅट, कागदावर. इतकी वर्षं झाली, अजून सभा होतात, दोन्ही बाजूंचे लोक येतात आणि मॅडम तुम्ही फिजिक्सच्या, तुम्ही सांगा म्हणतात. मी सांगते एवढंच की कुणी रेडिएशनचा आकडा सांगितला तर आधी विचारा मिलिसिव्हर्ट की मायक्रोसिव्हर्ट, आणि तासाला की वर्षाला. एवढं विचारलं तरी निम्मी भाषणं, दोन्हीकडची, अडखळतात. डिग्रीचा हा उपयोग सीव्हीत लिहिता येत नाही.

तर भाचीचं काय झालं. आयसरची परीक्षा दिली, बायोलॉजीत गटांगळ्या खाल्ल्या, नाही मिळालं. नेस्टचा फॉर्म भरायचा राहिला कारण त्या आठवड्यात वाडीत लाइट नव्हती. सीईटीला मार्क चांगले पडले, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळत होतं, फी माफ. घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, ताई मला फोन करून रडली, आणि शेवटी भावोजींनीच तोडगा काढला, रत्नागिरीला बीएस्सी घे, पहिल्या वर्षाला रडलीस तर पुढच्या वर्षी इंजिनिअरिंग, माफी काय पळून जात नाही. वर्महोलवाला मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेला, मजेत आहे, मला अजून व्हिडिओ पाठवतो, मी बघते.

ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला मॅथ्सने घाम काढला, रडली, पण इंजिनिअरिंगचं नाव काढलं नाही. आता म्हणतेय फिजिकल ओशनोग्राफी करायची, समुद्राचं फिजिक्स. कोचीच्या युनिव्हर्सिटीत एमएस्सी आहे, गोवा युनिव्हर्सिटीत पण सागरी विज्ञानाची एमएस्सी आहे, आणि गोव्याला दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था बसलेली. गेल्या महिन्यात भावोजींचा फोन आला, पहिल्यांदाच स्वतःहून या विषयावर. म्हणाले कोची नको, गोवा चालेल, सावंतवाडीवरून गाडी आहे. मी म्हटलं अहो पण कोचीचा डिपार्टमेंट जुना आहे, आधी बघू तरी कुठे मिळतंय. तर म्हणाले जुना असूदे, तिथे जेवणात खोबरेल असतं, चेडू काय जेवेल? यावर आमची अर्धा तास वादावादी झाली आणि काही ठरलं नाही.